फोनच्या मागची जागा

आमच्या वाडीत रेंज सगळीकडे नाही. पोलादपूरहून वर चढत आलं की घर लागतं. पडवीतून समोर कशेडीचा घाट दिसतो, पण मुंबईच्या माणसाचं तोंड फोनवर बघायचं तर पडवीचा शेवटचा खांबच गाठावा लागतो. त्या खांबापुढे पत्र्याचा डबा पालथा घालून जाऊबाई फोन उभा करायच्या. फोनच्या पुढे त्या, फोनच्या मागे मी.

ही जागा त्यांनी मला दिली नव्हती. मीच मागून घेतली होती, हे खरं लिहिलं पाहिजे. माझी शाळा नाते गावात चौथीपर्यंत झाली. परक्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. जाऊबाई दहावी झालेल्या. वीस वर्षं मुंबईत काढली आणि टाळेबंदीत गावी आल्या त्या इथेच राहिल्या. मी तांदळाच्या फेण्या, म्हणजे वाफवून वाळवलेले पापड, करते हे बघून त्यांनीच ठाण्याच्या एका दुकानवाल्या ताईंना गाठलं. ताई आजवर इकडे आलेल्या नाहीत. जे काय बोलणं ते फोनवर, महिन्यातून दोनदा.

त्यातलं जाऊबाईंना कळत होतं, ते नाकारत नाही. मार्चात चवदार तळ्यावर माणसं जमतात तेव्हा महाडात टेम्पो अडकतो, म्हणून त्या आठवडाभर आधीच ताईंना कळवायच्या. ताईंच्या सासूबाईंची तब्येत विचारायच्या. मलाही शिकवायच्या, "मीटिंगमधे हसत ऱ्हायाचं गो. समोरचा काय बी बोलू दे. आन् फोन आपण आधी ठेवायचा नाय."

पण फेणीतलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. चुलीकडे त्या फिरकत नसत. ताईंनी काही विचारलं की त्या फोनच्या वरून माझ्याकडे बघायच्या आणि मी हाताने दाखवायचे. चिमूट दाखवली की जिरं. पदर डोक्यावर घेतला की सावलीत वाळवलेल्या. मग त्या सावकाश उत्तर द्यायच्या. ताई म्हणायच्या, "किती विचार करून बोलता हो तुम्ही!"

एकदा बोलणं चालू असताना मी जाऊबाईंपुढे चहा ठेवायला हात लांब केला. तो फोनमध्ये दिसला.

"कोण आहे हो तिथे?" ताईंनी विचारलं.

जाऊबाई हसतच म्हणाल्या, "कामवाली हाय. भांड्यांना येते."

फोन बंद झाल्यावर मी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "अगो, आता लांबड कोण लावणार? तू कोण ते ताईंना काय करायचंय?" मी चहाचे कप उचलले आणि घासले. घासायला लागणारच होते.

तांदूळ तीन दिवसांत आंबतो. माझं पाच महिने आंबत होतं. रोज फेण्या वाळत घालताना मी तो शब्द मनात उलटायचे. जाऊबाई हसल्या की मला त्यांचे दात दिसायचे, दुसरं काही नाही.

मग एका मीटिंगला ताई म्हणाल्या, "दुकानात एक आजी विचारत होत्या, तुमच्याकडे तांदूळ किती दिवस भिजवतात?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी एक बोट वर केलं.

"एक दिवस," जाऊबाई हसून म्हणाल्या.

ताईंच्या कपाळाला आठी पडली. मग म्हणाल्या, "एकच? माझी आजी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलून. एका दिवसाची फेणी फुलते कशी?" पुढे म्हणाल्या, "असं करा, पुढच्या वेळी करूनच दाखवा. मी दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावते. गिऱ्हाईकं बघतील."

नंतर जाऊबाई माझ्यावर धावून आल्या. "एक बोट कशाला दाखवलंस गो?"

"रोज एकदा पानी बदलायचं, ते दाखवत व्हते," मी म्हणाले. त्यांच्याशी मी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते. गोड लागलं. ताईंनी माल बंद केला असता तर माझंच काम गेलं असतं, हे मला कळत होतं. तरी गोड लागलं.

जाऊबाईंनी तोड काढली. "तोंड माझं, हात तुझे. फोन खाली वळवीन तेव्हा तू ताटलीवरची फेणी सोडवायची." त्यांनी स्वतःच्या बांगड्या काढून माझ्या हातात चढवल्या. मी चढवू दिल्या.

त्या दिवशी पडवीतच शेगडी मांडली. टीव्हीपुढे जमलेल्या बायकांचा गलका फोनमधून ऐकू येत होता. जाऊबाई छान बोलल्या. मी वाफेतून ताटली काढून पुढे ठेवली. त्यांनी फोन खाली वळवला. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"सोडव ना गो," त्या दातांतून कुजबुजल्या.

"कामवालीला कुठं येतंय?" मी तितक्याच हळू म्हणाले.

फोनमधून ताईंचा आवाज आला, "गार होईल ना ती?"

शेवटी जाऊबाईंनी स्वतःचा हात घातला. फेणीची कड आधी नखाने सुटी करायची आणि मग एका दमात उचलायची असते. त्यांनी मधेच चिमटीत धरली. फाटली. मी दुसरी ताटली पुढे सरकवली. बोटं भाजली, तीही फाटली. तिसरीचा गोळा झाला. ठाण्याच्या बायका हसल्या. मला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. चौथीही सरकवली असती.

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "राहू द्या. बहुतेक आमचीच काहीतरी गफलत झाली. मी नंतर कळवते."

ते 'नंतर' म्हणजे काय ते मला समजलं. मग मी जाऊबाईंच्या हातातला फोन घेऊन डब्यावर उभा केला आणि त्याच्यापुढे जाऊन बसले. तोंड तापलं होतं. चौथ्या ताटलीची कड सोडवून फेणी उचलली आणि उजेडात धरली. तिच्यातून घाट दिसत होता.

"फेण्या मी करते," मी म्हणाले. "तीन दिवस भिजवते."

"मग इतके दिवस आम्ही कोणाशी बोलत होतो?" ताईंनी विचारलं.

मी फक्त मान वळवून जाऊबाईंकडे बघितलं. ताईंनाही तिकडेच बघावं लागलं.

आता मीटिंगला मी पुढे बसते. अजून घाम फुटतो आणि नजर फोनवर ठरत नाही. फोन धरायला जाऊबाई लागतात, कारण डबा मी घरात नेऊन ठेवला आहे. परवा त्यांचा हात दुखून आला, फोन कलंडला आणि त्यांचं नाकाखालचं अर्धं तोंड दिसलं.

"मागे कोण आहे हो?" ताईंनी विचारलं.

तो शब्द माझ्या जिभेवर तयार होता. पण इतके महिने आंबवल्यावर मला त्याहून चांगला सापडला होता.

"आमच्या जाऊबाई हायत," मी म्हणाले. "धावी शिकल्यात. फेणी येत नाय अजून, पन शिकवतेय मी."

जाऊबाई फोनमध्ये दिसत होत्या, म्हणून हसत राहिल्या. ताईंनी आपल्या सासूबाईंचं काढलं. मी सगळं विचारून घेतलं, औषधं कोणती, झोप लागते का. फोन आपण आधी ठेवायचा नाही.