"आमी" म्हणजे कोण कोण?

पेटंटच्या खटल्यांवर माझं घर चाललं. बावधनचा फ्लॅट, गाडी, मुलीचं शिक्षण, सगळं त्यातूनच. हिंजवडीत कंपन्या येत गेल्या तशी माझी वकिली वाढली, आणि ती वाढली तशी मी गावाकडची बोली पार धुऊन टाकली. मुळशीतल्या भातखाचरांत वाढलेला मी, पण कोर्टात असं काही शुद्ध बोलायचो की अशिलांना मी सदाशिव पेठेतला वाटायचो. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू!

एक खटला जिंकल्याची मात्र अजून लाज वाटते. मुळशीतल्याच, पण धरणापलीकडच्या एका शेतकऱ्याने भाताची रोपं ओळीत लावणारं हातयंत्र बनवलं होतं. त्यातला रोप सोडणारा लोखंडी आकडा इतका साधा आणि चोख होता, की कागद पाहतानाच मी मनात म्हटलं, काय डोकं आहे गड्याचं! एका प्राध्यापकाच्या मदतीने त्याने पेटंट घेतलं, एकट्याच्या नावावर. माझ्या अशिलाच्या कंपनीने तोच आकडा उचलून आपलं यंत्र बाजारात आणलं, म्हणून शेतकऱ्याने दावा लावला. आकडा त्याचा ठरतो की नाही, एवढाच प्रश्न होता.

पेटंट खऱ्या संशोधकाचं. शोध चौघांचा आणि अर्जात नाव एकाचं, असं निघालं तर ते डळमळतं. उलटतपासणीत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा आकडा कोणी बनवला?"

"आमी बनवला," तो म्हणाला.

आमच्याकडे "मी केलं" असं कुणी म्हणत नाही. शिष्टपणा वाटतो. एकटा माणूसही "आमी"च म्हणतो. माझा बाप एकटा जेवून उठला तरी "आमी जेवलो" म्हणायचा. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी विचारलं, "आमी म्हणजे कोण कोण?"

तो गोंधळला. भर कोर्टात "मी एकट्यानं" म्हणायला त्याची जीभ रेटेना. मग लोखंड कापून देणाऱ्या लोहाराचं नाव घेतलं, भावाचं घेतलं, खाचर वापरू देणाऱ्या शेजाऱ्याचंसुद्धा. "समद्यांनी मिळून केलं म्हना," असं हसून म्हणाला. स्टेनोने ते इंग्रजीत उतरवलं. त्याचा वकील फायलीत डोकं खुपसून बसला होता. दावा फेटाळला गेला.

वर्षभराने सातबाऱ्याच्या कामाला पौडला गेलो, तर तहसील कचेरीबाहेर तोच समोर. वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण त्याने मला ओढून चहाला नेलं.

"सायेब, तुमच्यावर राग न्हाई," तो म्हणाला. "चूक आमचीच. आमच्या हितं 'मी'ला 'आमी' म्हन्त्यात. तुमी पडलं पुन्याचं, तुमाला कसं कळनार? आमीच नीट सांगाया पायजे व्हतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "आमी बी हितलंच हाय. धरनाच्या अल्याडचं."

त्याने कप खाली ठेवला.

"मंग तुमास्नी म्हाईत व्हतं?"

"व्हय," मी म्हणालो.

तो चहा तसाच टाकून उठला आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. त्याला हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.