सलाईनचा थेंब थांबला तेव्हा

त्या दुपारी आलेला फोन मी अजून विसरलेलो नाही. कर्जत तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. जेवणं उरकून ठाणे अंमलदार स्टेशन डायरी भरत होते आणि मी एका प्रलंबित तपासाचे कागद चाळत होतो. फोन फाट्यावरच्या चहावाल्याचा होता. हा माणूस अधूनमधून आम्हाला खबर द्यायचा आणि ती सहसा खोटी निघत नसे.

"साहेब, पोशीरच्या अंगानं टेंपो भरून मानसं निघालीत," तो म्हणाला. "दवाखान्यावर चाललीत. कुनाची तरी आजी गेली म्हनतात, नर्सनं मारली म्हनतात. हातात दांडकी हायेत."

अशा वेळी गुन्ह्याचा विचार नंतर करायचा, आधी जागेवर पोहोचायचं. एका महिला कॉन्स्टेबलला आणि हाताशी असलेल्या अंमलदारांना घेऊन मी निघालो. टेंपोच्या थोडंच आधी आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.

दवाखाना छोटा, खाजगी. एक डॉक्टर, दिवसपाळीला एक नर्स, वरच्या मजल्यावर पुरुषांचा आणि बायकांचा मिळून एकच वॉर्ड. आत शिरताच डॉक्टरांनी सांगितलं की आजी जिवंत आहे. सकाळी उलट्या-जुलाबांनी थकलेली म्हणून तिला दाखल केलं होतं. हृदय कमजोर, त्यामुळे सलाईन अगदी सावकाश सोडायला सांगितलं होतं. पण दुपारी अचानक तिला धाप लागली, छातीत घरघर सुरू झाली. पाहतात तो बाटली जवळजवळ संपलेली. डॉक्टरांनी सलाईन बंद केलं, तिला उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, अंगातलं पाणी लघवीवाटे निघावं म्हणून इंजेक्शन दिलं आणि ॲम्ब्युलन्सने पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सोबत सून गेली होती.

नर्स औषधांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. डोंगरावरच्या एका वाडीतून शिकून आलेली, पंचविशीतली मुलगी. महिला कॉन्स्टेबलला मी तिच्याजवळ थांबवलं आणि बाहेर आलो.

टेंपो येऊन थांबले होते. सगळ्यांत पुढे आजीचा मुलगा होता. चाळिशीचा, खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला. तो सकाळपासून दवाखान्यातच होता आणि गावाला फोन त्यानेच केला होता. गावापर्यंत पोहोचेस्तोवर 'अत्यवस्थ'चं 'गेली' झालं होतं.

"तिला बाहेर काढा," तो म्हणाला. "वाडीवरची पोरगी, तिला काय येतंय? सलाईन सोडून निघून गेली. आई मेली म्हंजे?"

"आई कशी आहे ते विचारलंस का?" मी म्हणालो. "बायकोला फोन लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा."

रागाच्या भरात हे कोणाला सुचलंच नव्हतं. त्याने फोन लावला. पलीकडून सुनेचा आवाज आला, "डोळे उघडलेत. तोंडाला मास्क हाय, पन माझा हात धरलाय त्यांनी. डॉक्टर म्हनतात वेळेवर आनलं."

दांडकी हळूहळू खाली आली. माझा अनुभव असा की जमावाला उपदेश चालत नाही, पण जमावातल्या एका माणसाला खरी बातमी मिळाली की बाकीचे आपोआप सैल होतात. गावकऱ्यांना मी झाडाखाली बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, तक्रार घेऊ, चौकशी करू, पण दवाखान्याची काच जरी फुटली तरी तो वेगळा गुन्हा होईल.

अशा प्रकरणात वैद्यकीय तज्ज्ञांचा अभिप्राय आल्याशिवाय नर्सवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करता येत नाही. पण प्राथमिक चौकशी माझ्या हातात होती. दोन पंच बोलावून मी जागेचा पंचनामा केला. बाटली, नळी आणि सुई सीलबंद केली. नळीवर बोटाने फिरवायचं एक छोटं चाक असतं, थेंब कमी-जास्त करायला. ते पूर्ण उघडं होतं. म्हणजे कोणीतरी ते फिरवलं होतं.

आधी नर्सला विचारलं.

"थेंब मोजून मीच चाक लावलं होतं," ती म्हणाली. "मग खाली एका बाईची प्रसूती आली, डॉक्टरांनी हाक मारली म्हणून गेले. चाक मी उघडलेलं नाही, साहेब."

मग एकेकाला आत घेऊन विचारलं, सलाईनचा वेग कोणी वाढवला? मुलगा म्हणाला, मी नाही, मी खाली औषधं आणायला गेलो होतो. आजीचे यजमान म्हणजे बाबा, पंच्याहत्तरीचे शेतकरी, आजीच्या खाटेजवळ होते. ते म्हणाले, "नाय साहेब. वेग कुनी वाढवला नाय. मी तितंच व्हतो." डोळ्याला डोळा भिडवून बोलले. खोटं बोलणारा माणूस उत्तराला शेपूट जोडतो, कारणं देतो. बाबांनी काहीच जोडलं नाही. मला नर्सचंही खरं वाटलं आणि बाबांचंही. दोन्ही खरं असेल तर चाक उघडं कसं?

गाठ सुटली ती शेजारच्या खाटेवरच्या बाईमुळे. ताप आलेली, कुशीवर पडलेली. तिलाही मी तेच विचारलं असतं, पण ती आपणहूनच बोलली.

"वेग कसला वो? सलाईन तर बंदच पडलं व्हतं. थेंबच पडत नव्हता. बाबा बिचारे सिस्टर, सिस्टर हाका मारत व्हते."

मी थबकलो. बंद पडलेली बाटली थोड्या वेळात संपते कशी? नर्सला बोलावून मी हेच विचारलं. तीही विचारात पडली.

"सुई कोपराच्या खोबणीत होती," ती हळूहळू म्हणाली. "आजींच्या हाताला दुसरीकडे शीर सापडत नव्हती. हात वाकवू नका म्हणून मी त्यांना सांगितलं होतं. हात वाकला की वाट दबते आणि थेंब थांबतो." मग एकदम माझ्याकडे पाहून म्हणाली, "साहेब, एक मिनिट थांबा."

तिने नवी बाटली स्टँडला अडकवली, नळी जोडली, तिचं टोक बादलीत सोडलं. थेंब पडू लागले. तिने नळी मुडपून धरली, थेंब थांबले. मग दुसऱ्या हाताने चाक पूर्ण उघडलं. काहीच झालं नाही, पाणी जागच्या जागी. आणि तिने मुडपलेली नळी सोडली. बादलीत धारच लागली.

आम्ही दोघं त्या धारेकडे बघत राहिलो. चाक उघडणाऱ्याला वाटणार, आपल्या फिरवण्याने काही झालं नाही. तो विसरून जाणार. मग कधीतरी झोपेत पेशंटचा हात सरळ होणार.

"थेंब थांबला तर तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"आधी हात बघायचा, वाकलाय का. मग नळी कुठे मुडपलीय का, अंगाखाली आलीय का. बाटली संपलीय का, खाली आलीय का. सुईच्या जागी सूज असेल, गार लागत असेल, दुखत असेल तर सलाईन बंद करून दुसरीकडे सुई लावायची. जोर लावून, नळी दाबून पाणी ढकलायचं नाही. आणि हे सगळं आम्ही करायचं, नातेवाइकांनी नाही. त्यांनी फक्त हाक मारायची."

मी बाबांना परत बोलावलं. या वेळी प्रश्न बदलला.

"बाबा, थेंब थांबला तेव्हा तुम्ही काय काय केलंत?"

"हाका मारल्या. कुनी आलं नाय. मंग ते चाक जरा फिरवलं. पन पानी काय आलं नाय. तसंच ऱ्हाऊ दिलं नि जिन्यावर जाऊन बघितलं, सिस्टर दिसते का." बोलता बोलता त्यांची नजर बादलीवर गेली. धार अजून चालूच होती. नर्सने पुन्हा एकदा नळी मुडपून आणि सोडून दाखवली.

बाबा खुर्चीच्या कडेला बसले. 

"म्हंजे मीच का?" ते म्हणाले.

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनीच विचारलं, "मला आत टाकनार?"

"नाही. आजीला भेटायला घेऊन जाणार."

मुलाला बाजूला घेऊन मी सांगणार होतो. गावासमोर म्हाताऱ्या माणसाची शोभा नको, असं मला वाटत होतं. पण बाबा उठले, जिना उतरले आणि झाडाखाली बसलेल्या माणसांसमोर जाऊन उभे राहिले.

"पोरीचा काय दोष नाय," ते म्हणाले. "चाक मी फिरवलं. मला कळलं नाय, पन फिरवलं मीच. आता घरी जावा."

 मुलगा पायरीवर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोड्या वेळाने टेंपो चालू झाले. दांडकी कोणी कधी टेंपोत टाकली, ते दिसलंही नाही.

बाबांना मी जीपमधून पनवेलला नेलं. वाटेत ते एकदाच बोलले, जगेल ना म्हणून. आजी टेकून बसली होती, धाप बरीच कमी झाली होती. तिने मास्क बाजूला केला.

"कुठं व्हतात इतका वेळ?"

"माझ्याच हातानं झालं गं," बाबांनी सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

आजीने ऐकून घेतलं. "खाचरात पानी तुंबलं की तुमी असंच करता," ती म्हणाली. "पाटाचं तोंड मोठं करायचं नि बसायचं. अडलंय कुठं, ते कवा बघितलंय तुमी?" आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. सून तोंड फिरवून हसत होती आणि डोळेही पुसत होती.

पुढे नर्सचा निष्काळजीपणा नाही असा तज्ज्ञांचा अभिप्राय आला, कोणावरही गुन्हा दाखल झाला नाही आणि चौकशी बंद झाली. आजी चार-पाच दिवसांत घरी गेली. कागदोपत्री प्रकरण एवढंच.

पण त्याआधी मी जबाबावर सही घ्यायला दवाखान्यात गेलो तेव्हा नर्स म्हणाली, "साहेब, बाबांच्या नावावर सगळं लिहू नका. त्यांनी हाका मारल्या होत्या. ऐकायला कोणी नव्हतं, हेही लिहा." मी लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि मान्य केलं. प्रसूती चालू असताना वॉर्डात दुसरं माणूस असलंच पाहिजे असं त्यांनी ठरवलं, प्रत्येक खाटेला घंटीचं बटण बसवलं. मी तिथे असतानाच आजीचा मुलगा आला. नर्ससमोर उभा राहिला, पण माफीचा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. शेवटी म्हणाला, "सिस्टर, तुमचा दुपारचा डबा आमच्याकडनं येत जाईल."

"डबा नको, दादा," ती म्हणाली. "गावात सांगा, सलाईनच्या चाकाला हात लावू नका म्हणून. तुमचं ऐकतील."

त्याने सांगितलं. पुढे एकदा बंदोबस्ताला त्या भागात गेलो होतो, तेव्हा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तो बायकांना हात वाकवून दाखवत होता. वाडीवरची पोरगी हा शब्द त्याच्या तोंडी पुन्हा ऐकला नाही. 'आमच्या सिस्टर' म्हणत होता.

नोकरीत मी शेकडो माणसांना प्रश्न विचारले. 'कोणी केलं?' हा पोलिसांचा लाडका प्रश्न. त्या दिवशी मला कळलं की हा प्रश्न लवकर विचारला तर प्रामाणिक माणूसही चुकीचं उत्तर देतो, कारण त्याने काय केलं हे त्यालाच ठाऊक नसतं. आता कधी नव्या फौजदारांसमोर बोलायला बोलावलं, तर मी हीच हकिगत सांगतो. आधी काय काय झालं ते क्रमाने विचारा. माणूस त्यातूनच पुढे येतो, आणि पुष्कळदा तो गुन्हेगार नसतो, घाबरलेला असतो.

आजी अजून आहे. भातलावणीला चिखलात उतरू देत नाही म्हणून सुनेवर रागावते, आणि बांधावर बसून बाबांना पाणी कुठे अडलंय ते दाखवते.