मावशीचे गोळीबंधू

प्रयोगशाळेचं उंदीरघर सांभाळणाऱ्या मावशीची जन्माची दोन्ही मूत्रपिंडं नासली, तेव्हा धाकट्या भावाने आपलं एक दिलं. पण शरीराला नाती कुठे कळतात? परकं दिसलं की हुसकावून लावायचं, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून त्याची खोड मोडणारी गोळी मावशीला जन्माची लागली.

तेच औषध तिथल्या पांढऱ्या उंदरांना पाण्यातून मिळायचं. त्यांच्या पाठीवर दुसऱ्या उंदराच्या कातडीचं ठिगळ लावलेलं असे.

"काय गोळीबंधूंनो, टिकलं का ठिगळ?" दार उघडताच मावशी विचारायची.

ज्याची प्रतिकारशक्ती दुबळी, त्याला उंदीरघरात काम नाही, असा नियम होता. गोळी तर नेमकी तीच दुबळी करायची. मावशीने तोंडाला कुलूप घातलं. औषध नोकरीच्या कार्डावर फुकट मिळे. नोकरी गेली की गोळी गेली, गोळी गेली की भावाचं मूत्रपिंड गेलं.

उंदरांवर प्रयोग करणारे साहेब या औषधाचे गाढे जाणकार. एखाद्या उंदराची मिशी थरथरली तरी त्यांची झोप उडे. त्याच औषधाने थरथरणारा मावशीचा हात मात्र वर्षानुवर्षं बघून ते म्हणत, "मावशी, चहा कमी करा."

एकदा त्या थरथरत्या हाताने एका उंदराचं ठिगळ दाबलं गेलं. तो कडाडून चावला. बोट सुजलं, मग पंजा.

फरशी पुसणारा म्हणाला, "मलाही चावलाय की. दुसऱ्या दिवशी विसरलो. तुझा तर भोपळा झालाय!"

हात वाचवावा की नोकरी? अंगात ताप चढला, तेव्हा मावशी साहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, उंदरांचं औषध मीही घेते."

साहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा! किती मिलिग्रॅम?"

मग नियम आठवला आणि उजेड मावळला. अशी बाई आत राबत होती हे बाहेर कळलं, तर मावशीआधी प्रयोगच बंद. साहेबांना एकदम दया आली. त्यांनी तिला दवाखान्यात धाडलं.

भावाचा फोन आला. "ताई, सांभाळ गं. दुसरं मागू नकोस, ते मला लागतं."

हात वाचला. कार्डही राहिलं, आणि मावशीला उंदीरघराच्या दाराबाहेर खुर्ची मिळाली. काम एकच : शिंकणाऱ्याला आत सोडायचं नाही. पहिल्याच सकाळी साहेब सणसणीत शिंकले.

"साहेब, मागे फिरा."

"अहो, मी साहेब आहे!"

"माझे भाऊबंद आहेत आत," मावशी म्हणाली आणि पाय आडवा घातला.