पलटणीची मेंढरं

वळसंगच्या बिरप्पानं घर सोडलं ते मोठ्या तोऱ्यात. हातातली काठी थोरल्या भावापुढं, गुंडापुढं टाकून तो म्हणाला, "तुमी राखा मेंढरं. मी आता बंदूक धरनार."

पुण्याच्या भरतीत त्याची छाती भरली, उंची भरली. कारकुनानं विचारलं, "आजवर काय काम केलंस?" बिरप्पा फुशारकीनं बोलून गेला, "दोनशे मेंढरं एकल्यानं संभाळलीत, साहेब. येक बी गमावलं न्हाय." कारकुनानं मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं ते त्याला कळलं थेट सरहद्दीवर, वझिरीस्तानच्या डोंगरात. बाकीच्यांच्या हाती रायफली आल्या, त्याच्या हाती काठीच. पलटणीच्या खाण्यासाठी तीनशे मेंढरं मागून चालायची. ती राखायची, लंगडी-आजारी निवडून काढायची आणि रोज सकाळी ठरलेली खाटकाकडं हाकायची. पहिल्या दिवशी बिरप्पाला वाटलं, कुणीतरी चुकलंय. त्यानं हवालदाराला विचारलं, तेव्हा सगळा तंबू हसला. पुन्हा त्यानं कुणाला विचारलं नाही. घरच्या कार्डात मात्र पत्रं लिहिणाऱ्या मुन्शीकडून लिहवून घेतलं, 'बंदूक चांगली चालवतो.' पुढच्या कार्डात दोन पठाण पाडले. त्याच्या पुढच्यात पाच.

सदतीस साली तो रजेवर आला, तर आबासाहेब पाटलांनी त्याला चावडीवर आपल्याशेजारी बसवलं. बायको केराबाई पाण्याला निघाली की बाया तिला वाट देत. त्याची कार्डं साऱ्या गावानं ऐकली होती.

चौथ्या दिवशी दुपारीच ओरडा झाला. ओढ्याकाठी शिवबाईच्या मेंढरांत लांडगा शिरला होता. शिवबाई म्हणजे एकटी रांडमुंड बाई, पदरी सात मेंढरं. सारा गाव धावला. पाटलांनी आपली बंदूक बिरप्पाच्या हाती कोंबली. "भरलेली हाय. हान!"

लांडगा साठ पावलांवर होता, गाभण मेंढीच्या नरड्याला लागलेला. बिरप्पानं बंदूक खांद्याला लावली, चाप ओढला. काहीच झालं नाही.

"आरं, घोडा चढव की!" पाटील ओरडले.

घोडा म्हणजे गोळी झाडण्याआधी मागं ओढायचा खटका, हेही त्याला ठाऊक नव्हतं. तो बंदूक उलटीपालटी करून बघत राहिला. गुंडा काठी घेऊन धावला तेव्हा लांडगा पळाला, पण मेंढी गेली होती.

सगळे बिरप्पाकडं बघत होते. त्यानं बंदूक पाटलांना दिली आणि खाली बघूनच सांगितलं, "मी बंदूक कदी धरलीच न्हाय. तितं बी मेंढरंच राखतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. शिवबाई हसली नाही. रक्तानं भरलेले हात तसेच ठेवून ती म्हणाली, "मग तसं सांगायला लाज वाटली व्हय रं? आमी जलमभर काय केलं मग?"

गुंडा शेजारीच उभा होता. त्यानं मान फिरवली. ते बिरप्पाला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरची एक गाभण मेंढी शिवबाईच्या दारी नेऊन बांधली. तिनं ती घेतली, पण त्याला बस म्हणाली नाही. उरलेल्या रजेत तो गुंडाबरोबर रानात जात राहिला. दोघं बोलले ते मेंढरांपुरतंच.

सरहद्दीवर परतल्यावर त्यानं पहिलंच कार्ड भावाच्या नावे घातलं. मुन्शीनं विचारलं, "काय लिहू?"

 बिरप्पा म्हणाला, "लिवा, हितल्या मेंढरांना खुरी झालीया, खूर सुजल्यात. तुमी काय लावता, ते कळवा."