निरोप सलीममामांचा, नावं पाहुण्यांची

आज दुपारी कराडच्या एका महाविद्यालयात गेलो होतो. वार्षिक अंकाची शेवटची प्रुफं तपासायला त्यांनी बोलावलं होतं. वर्तमानपत्रात हयात गेली, त्यामुळे लेखननियमांचं मला वावडं नाही.

एका फोटोखाली अध्यक्ष, प्राचार्य, तीन पाहुणे आणि शेवटी ‘व इतर’ असं छापलं होतं. फोटो होता ग्रंथालयातल्या सलीममामांच्या निरोप समारंभाचा. या महिनाअखेर ते निवृत्त होतायत. त्यांचंच नाव नव्हतं.

संपादक प्राध्यापकांनी नियमांचं पान पुढे केलं. “सर, आपल्याकडे बसलेल्यांची नावं देतात. उभे असतील ते ‘व इतर’.”

“समारंभ मामांचा होता ना? मग ते उभे का?”

“पाहुणे जास्त आले. खुर्च्या कमी पडल्या.”

कामाच्या ठिकाणी मी सहसा आवाज चढवत नाही. आज चढवला.

मामा पलीकडेच जुने अंक बांधत बसले होते. “आवं सर, ऱ्हाऊ द्या की. इतकी वर्सं ह्ये अंक मीच बांधतोय, एकातबी माझं नाव न्हाई.” मग हळूच म्हणाले, “ह्यो तेवढा नातीला दाखवायचा हुता.”

मी ‘व इतर’ खोडून मामांचं पूर्ण नाव लिहिलं, तेही सगळ्यांच्या आधी. “प्राचार्यांना विचारावं लागेल,” प्राध्यापक म्हणाले. संध्याकाळी अंक छपाईला गेला. नाव राहिलं का, अजून कुणी कळवलेलं नाही.

तुमच्या कॉलेजचा जुना अंक घरात असेल तर काढून बघा. ‘व इतर’मधल्या किती जणांची नावं तुम्हाला सांगता येतील?