परत येण्याचं वाक्य

केडगावात मला 'व्हिसावाल्या मॅडम' म्हणतात. नोकरी कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची. पण मी दोन वर्षं अमेरिकेत शिकून परत आले, तेव्हापासून आसपासच्या तालुक्यांतून परदेशी निघालेल्या मुलांना कुणीतरी माझा पत्ता देतं. परत का आले, हे मला कुणी विचारलं नाही. तिकडे जमलं नसणार, असं गल्लीनं परस्पर ठरवून टाकलं. मी फी घेत नाही, म्हणून पालक माझं अर्धंच ऐकतात. फुकटच्या सल्ल्याची ही गत ठरलेलीच.

शिकवते मी दोनच गोष्टी. मुंबईच्या वकिलातीत खिडकीपलीकडच्या साहेबाला उत्तरं कशी द्यायची, आणि तिकडे विमानातून उतरल्यावर काय हाताशी ठेवायचं. दुसरी गोष्ट सोपी आहे. पासपोर्ट आणि कॉलेजचं पत्र खांद्यावरच्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. राहायचा पत्ता कागदावर लिहिलेला, कारण मोबाईल नेमका तेव्हाच मान टाकतो. ओटीत आलेला नारळ घरीच ठेवायचा. या नारळावरून मी जेवढी मुलांच्या आयांशी भांडले आहे, तेवढी सासूशीही भांडले नाही.

पहिली गोष्ट अवघड. शिकून झालं की परत येणार, हे साहेबाला पटलं तर व्हिसा, नाहीतर नाही. म्हणून मी प्रत्येकाकडून इंग्रजीत एक वाक्य घोटवून घेते: शिक्षण संपलं की मी माझ्या जिल्ह्यात परत येईन आणि अमुक काम करीन. जीभ अडखळायची थांबेपर्यंत म्हणायचं. पोरं ते पाढ्यासारखं म्हणतात. त्यात मन किती आणि घोकंपट्टी किती, हे बघणं माझं काम नाही असं मी स्वतःला बजावून ठेवलेलं होतं.

मिरजगावची एक मुलगी यायची, शेतीची पदवी घेतलेली. माती आणि पाण्याचा पुढचा अभ्यास करायला निघाली होती. आईबापांना ती एकुलती एक. वडील तिला मोटरसायकलवर घेऊन यायचे आणि शिकवणी संपेपर्यंत बाहेर ओट्यावर बसायचे. चहा दिला की कप स्वतः विसळून ठेवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. व्हिसाचं होईल तसं होईल, पण पोरगी परत येईल ना? मी म्हटलं, व्हिसा माझ्याकडे, ते माझ्याकडे नाही. उत्तर जरा तोडूनच दिलं होतं, पण त्यांनी मान डोलावली. पुढे एकदा त्यांनी मला त्या वाक्याचा अर्थ विचारला, कारण दर वेळी खिडकीतून तेच ऐकू येत होतं. मी मराठीत सांगितला. ते खूष झालेले दिसले. त्यानंतर मुलगी वाक्य म्हणायला लागली की ते ओट्यावर पेपर खाली ठेवून ऐकत.

घोटाळा केला चुलत्यानं. हे गृहस्थ एका टर्मचे माजी उपसरपंच, आणि आमच्याकडे माजी झालेल्या माणसाला फ्लेक्सशिवाय करमत नाही. वाढदिवस, निवड, नियुक्ती, कशाचंही कारण पुरतं. इथे तर पुतणी अमेरिकेला निघालेली. मुलाखत व्हायच्या आधीच मिरजगावच्या चौकात फ्लेक्स लागला. मधोमध मुलगी, खाली शुभेच्छुकांचे डझनभर चेहरे गॉगलसकट, आणि वर ठसठशीत अक्षरांत: 'अमेरिकेत कायमस्वरूपी स्थायिक होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्याचा फोटो काढून त्यांनी तो फेसबुकवर टाकला आणि पुतणीचं नाव त्याला जोडलं. व्हिसासाठी ही सगळी खाती उघडी ठेवावी लागतात, साहेबाला वाटलं तर तो बघतो. मी मुलाखतीआधी सगळ्यांची खाती एकदा चाळते. ते 'कायमस्वरूपी' वाचून माझं डोकं फिरलं.

मी चुलत्याला फोन लावला आणि फार गोड बोलले नाही. त्यांचं म्हणणं असं की, फ्लेक्स चौकात आहे, साहेब कुठे मिरजगावला येतोय? फेसबुकचं समजावल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला. ते म्हणाले, फोटो काढतो, पण चौकातला फ्लेक्स लागल्याच्या दुसऱ्या दिवशीच कुणीतरी उतरवून नेलाय. त्यांचा संशय विरोधी गटावर होता. निवडणूक जवळ आली की अशी कामं होतात म्हणाले.

फोटो निघाला, पण तोवर कुणी बघितला आणि कुणी नाही, हे कसं कळणार? मी मुलीला सांगितलं, विचारलं तर लपवू नकोस, आहे ते सांग. ती त्या दिवशी वाक्य म्हणताना पहिल्यांदाच अडखळली. मला धास्ती वाटली. वर्षभराची मेहनत एका हौशी काकांच्या पायी जाते की काय, या विचारानं मला त्या रात्री जेवणही नीट गेलं नाही.

मुलाखतीत साहेबानं विचारलंच. तिकडे कायमची राहणार आहेस असं तुझ्या घरचेच म्हणतात, असं म्हणाला. तिनं सांगितलं की आमच्याकडे फ्लेक्स आधी लागतो आणि गोष्ट मागून होते किंवा होतही नाही. बारावीला काकांनी तिला 'भावी कलेक्टर' केलं होतं. मग तिनं ते वाक्य म्हटलं. साहेबानं पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मिळाला.

वडील पेढे घेऊन एकटेच आले. मुलगी खरेदीला नगरला गेली होती. मी चुलत्याचा विषय काढला, आणि फ्लेक्स उतरवणाऱ्या विरोधी गटाचे आभारच मानायला हवेत असं गमतीनं म्हटलं. ते म्हणाले, फ्लेक्स मी उतरवला. व्हिसासाठी म्हणून नव्हे. फ्लेक्सपायी व्हिसा अडू शकतो, हे त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हतं. सकाळी दूध घालायला जाताना ते वरचं 'कायमस्वरूपी' वाचवलं नाही, एवढंच.  

मग त्यांनी विचारलं, "मॅडम, ते परत यायचं जे ती म्हनायची, ते तिचं हुतं का तुमी शिकवलेलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पेढ्यांचा बॉक्स समोर, माणूस खुशीत. पण ज्या माणसानं एवढे दिवस ओट्यावर बसून ते वाक्य ऐकलं, त्याला फसवायला माझं मन होईना. मी शिकवलेलं आहे म्हणून सांगितलं. सगळ्यांना शिकवते तसंच.

 त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. "मग तिला येवढं सांगा," ते म्हणाले. "तो शबूद सायबाला दिलेला हाय. मला दिलेला न्हाई. माझ्यापायी तिनं त्यात अडकू नये. मला सांगाय जमायचं न्हाई, तुमी सांगा."

मला त्यांचा रागच आला, खरं सांगायचं तर. एवढं मोठं मन करून वर निरोप्याचं काम माझ्या गळ्यात. जाण्याआधी सांगितलं असतं तर ती विमानतळावरच कोसळली असती, म्हणून थांबले. ती पोचली, तिला खोली मिळाली, माती तपासायच्या प्रयोगशाळेत जायला लागली, आणि एक दिवस तिचा फोन आला. थंडीचं, जेवणाचं, सगळं बोलून झाल्यावर मी वडिलांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला.

 फोन कटला की काय म्हणून मी हॅलो हॅलो करत राहिले.

मग ती म्हणाली, "मॅडम, असं म्हणायला नको होतं त्यांनी. आता मला यावंच लागंल."