जिंकलेल्या घोडीचे नाल

काल शर्यतीत सगळ्या नरांना मागं टाकणाऱ्या घोडीचे नाल आज सकाळी तबेल्यात नालबंद उपटत होता.

"पाय दुखावलाय का?" मी तिची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराला विचारलं.

"नाही हो ताई. आता हिला पळवायची नाही. फार्मवर नेऊन शिंगरं घ्यायची. अशी ताकद वाया घालवतात का?"

"आणि दुसरा आलेला घोडा?"

"तो पळेल की अजून."

जिंकलं म्हणून थांबवणं मला नवं नव्हतं. मी मुलांना मागं टाकून शाळेत पहिली आले, तेव्हा पेढे वाटताना वडील म्हणाले होते, "आता स्थळं चांगली येतील."

बाहेर सरावाचे घोडे सुटले. टापा ऐकून घोडीनं कान टवकारले. तीन पाय मोकळे झाले होते. चौथा ती काही केल्या उचलू देईना. मग दोघांनी मिळून तो उचलला.